सोनूबाईची जागा

सोनूबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली, तेव्हा तिच्या जागेवर वनमाला बसलेली होती.

अंधेरीच्या मासळी बाजारातली ती जागा सोनूबाईची. सासूनं दिलेली, तीस वर्षं बसून गुळगुळीत केलेली. वनमाला तिच्या दिराची सून. दीर भाऊराव छत्री बगलेत मारून मागं उभा होता.

"वयनी, राग मानू नका," तो म्हणाला. "तीन महिने जागा रिकामी. आणि मुक्या बाईनं बाजार कसा करायचा, तुम्हीच सांगा."

तिनं कसं सांगायचं? तिच्या गळ्याला भोक होतं आणि भोकावर पांढरं फडकं. कॅन्सरनं धरलेली आवाजाची पेटी डॉक्टरांनी कापून काढली होती. एकेकाळी वेसाव्याच्या सोनूबाईनं हाक मारली की रेल्वे फाटकावरचा टांगेवाला मान वळवायचा. आता नुसते ओठ हलायचे आणि वारा गळ्यातूनच निघून जायचा.

शेजारची कृष्णाबाई कोयता आपटून म्हणाली, "भावजी, मेली नाय ती. बसू दे तिला!"

"बसू दे की. आजचा दिवस," भाऊराव म्हणाला. "पाटी खपली तर जागा वयनीची. नाय खपली तर उद्यापासून वनमाला. समद्यांसमोर बोलतो."

वनमाला खाली मान घालून उठली. सोनूबाई बसली.

ऑपरेशनला ती तयारच नव्हती. आवाज गेला तर विकू काय आणि जगू कशाला, असं तिनं बसलेल्या घशानं सांगून टाकलं होतं. एकुलता एक मुलगा जयवंत दुबईला, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर खलाशी. दोन वर्षांचा करार, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. लोक म्हणाले, आई मरतेय आणि हा तिकडं मजा मारतोय. म्हणणाऱ्यांतल्या एकानंही इस्पितळाची पायरी चढलेली नव्हती. दुबईला मजा असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी भर उन्हाळ्यात एकदा टगबोटीच्या इंजिनाजवळ उभं राहून बघावं. खाट, औषधं, ऑपरेशन, सगळं त्या पोराच्या घामातून आलं होतं. पण तो आला नाही, एवढंच सगळ्यांना दिसलं. सोनूबाईलाही तेच दिसलं, खोटं कशाला बोला.

त्यानं पाठवला एक टेपरेकॉर्डर, सेलवर चालणारा. सोबत दोन कॅसेटी. त्याच्या बोटीवरचा महादू रजेवर आला, त्यानं आणल्या. पहिली सगळ्यांनी घरात ऐकली. जयवंत एवढंच बोलला होता, "आये, गळा देऊन टाक डॉक्टरला. ओरडायचं मी बघतो."

भाऊराव खो खो हसला होता. "तिथनं ओरडणार? समुद्रापल्याडनं?"

सोनूबाई हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं इस्पितळाच्या कागदावर अंगठा उठवला. दुसरी कॅसेट महादूनं तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "काकी, ही घरात नाय लावायची. बाजारात लावायची. शपथ घातलीय त्यानं."

दहा वाजले. बर्फाचं पाणी झालं. गिऱ्हाईक यायचं, पापलेटाकडं बघायचं, मग गळ्यावरच्या फडक्याकडं बघायचं आणि पुढं सरकायचं. सगळा बाजार ओरडत होता. मधोमध तिची जागा तेवढी गप्प.

भाऊराव हललाच नव्हता. बाजारात त्याचं खरं तर काम काय? कोळ्याचा पुरुष मासे पकडतो, विकत नाही. विकायचं ते बायकांनी. जयवंत लहानपणी आईच्या पाटीशी बसून तिची हाक घोकायचा, तेव्हा ह्याच चुलत्यानं त्याला कान धरून होडीत नेऊन टाकलं होतं.

सोनूबाईनं ओल्या गोणपाटाखालून टेपरेकॉर्डर काढला.

"गाणी लावते काय गो म्हातारी?" कुणीतरी हसलं.

तिनं कळ दाबली. खरखर झाली. इंजिनाची धडधड आली. मागून कुणी हिंदीत ओरडलं, "पागल हो गया क्या रे?" आणि मग भर बाजारात आवाज फुटला.

"ए बाय! कुठं चाललीस गो? पापलेट बघ, पापलेट! आताच बोटीवरनं उतरलाय, तुझ्याकडंच बघतोय! हात नको लावू, डोळ्यांनी बघ! महाग वाटतो? मग जा, घरी जाऊन भेंडी खा!"

हाक सोनूबाईचीच. तोच हेल, तीच 'बाय'वर घेतलेली उडी, तोच शेवटचा टोला. फक्त गळा पुरुषाचा होता.

बाजार हसत सुटला. भेंडीचा टोला नेमका एका पारशिणीला बसला, ती हसत हसत खाली वाकली. सोनूबाईनं बोटांनी भाव दाखवला. पारशिणीनं एक बोट कमी केलं. सोनूबाईनं मान डोलावली. सौदा झाला. मागं दोघी, मग पाच. कॅसेट संपली की ती उलटी फिरवून परत लावायची. बारा वाजता पाटीत घरच्या कालवणापुरते दोन बांगडे उरले.

भाऊराव लालबुंद होऊन पुढं आला. "बंद करा ते! कोळ्याचा मरद बाजारात बसून म्हावरं विकतो? समदा बाजार हसतोय! माझ्या गेलेल्या भावाचं नाव घालवलं त्यानं!"

"आला नाय, आला नाय म्हणत होतात ना, भावजी?" कृष्णाबाई म्हणाली. "आलाय बघा. आयशीच्या बाजूला बसलाय. आता उठवा त्याला."

सोनूबाईनं ओला हात लुगड्याला पुसला, टेपरेकॉर्डरच्या आवाजाची चकती धरली आणि शेवटपर्यंत फिरवली.