कोपऱ्यावरचा आवाज

गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा मागून चांगली चार बोटं उंच दिसायला लागली. इतकी वर्षं ती बसकण मारलेल्या म्हशीसारखी मागं टेकलेली असायची.

"कशी ताठ झाली बघा," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "काका, हात लावून बघा."

स्टुलावर बसलेले वडील काठी टेकत उठले. नजर जवळजवळ गेलेली, पण ही गाडी त्यांनी अर्धं आयुष्य चालवलेली. हातांना सगळं पाठ होतं. मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून बोटं फिरवत ते हसले.

"हिचं बरं आहे. म्हातारपणी कंबर सरळ करून मिळाली. आमचं काय?"

खाली पोत्यावर काढलेलं सामान पडलं होतं. दबून गेलेले स्प्रिंगचे पाटे, गळके शॉकअब्सॉर्बर आणि मागच्या एक्सलमधले दात झिजलेले गिअर. मिस्त्रीने त्यातला एक गिअर पायाने बाजूला सारला.

"खरं सांगू का काका, तुमच्या पाठीला धक्के बसू नयेत म्हणून पाटे आणि शॉकअब्सॉर्बर बदलले असते तरी काम झालं असतं. हे गिअर ओरडायचे, पण चालले असते अजून बिचारे. तुमचे चिरंजीव ऐकतील तर ना! म्हणाले, नव्या मॉडेलचे बसव, काय वाटेल ते कर, पण आवाज अजिबात नको."

"तसाच आहे तो," वडील म्हणाले. "करायचं तर नीट करायचं. माझ्यावर गेलाय."

मुलगा गाडीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

खरं कारण त्याचं त्यालाच माहीत होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तो कामावरून परत यायचा तेव्हा गाडी कोपऱ्यापासूनच मागून हंबरायला लागायची. वडिलांना ते घरात बसून ऐकू यायचं. मग ते बूट चढवायचे, काठी घ्यायचे आणि फाटकात येऊन उभे राहायचे. "एक चक्कर मारायची का रे?" दिवसभर चार भिंतींत बसलेल्या माणसाचं मागणं ते केवढं. पण हा दमून आलेला असायचा. "आज नको बाबा." त्यावर वडील कधी चिडले नाहीत की कुरकुरले नाहीत. "बरं," म्हणायचे आणि पायरीवर बसून वाकून नाड्या सोडायचे. ते नाड्या सोडणं त्याला बघवत नसे.

दुसऱ्या कोणी अशा वेळी मुकाट्याने एक चक्कर मारली असती. याने गिअर बदलायला टाकले. आवाजच आला नाही तर बूट चढणार नाहीत, आणि चढले नाहीत तर काढायलाही नकोत. सोपं काम.

"चला, घरी नेता नेता बघा कशी चालते ती," मिस्त्री म्हणाला आणि त्याने वडिलांना धरून मागच्या सीटवर बसवलं.

गल्ली संपली की मोठा खड्डा होता. वडिलांनी सवयीने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

"आला की सांग."

"गेला बाबा."

"गेला? मला कळलंसुद्धा नाही." त्यांनी हात सोडला आणि मागे टेकून बसले. मग मान जरा तिरपी करून ऐकत राहिले. "आणि आवाज? मला वाटलं इंजिनच बंद पडलं."

"नवीन गिअर आहेत ना."

"मिस्त्री काही म्हणो, तू गिअर केलेस ते उत्तम केलंस. म्हाताऱ्या बापासाठी कोण करतं रे एवढं?"

त्याला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि सांगून टाकावं एकदाचं. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण आरशात वडिलांचा चेहरा दिसला, खुशीत असलेला, आणि त्याचं धाडस झालं नाही. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"फक्त एक झालं," थोड्या वेळाने वडील म्हणाले.

"काय?"

"आता तू आलास ते मला कळायचं नाही."

त्याने गिअर उगाचच बदलला.

"त्याचं काही एवढं नाही," वडीलच पुढे म्हणाले. "माझी खुर्ची फाटकापाशी टाकून ठेव. दुपारीच बूट घालून बसत जाईन मी. मला तरी दुसरं काय काम आहे? तू आलास की कोणीतरी सांगेलच जाता-येता. आणि तू दमलेला असलास तर नको म्हण, माझं काही नाही."

घराजवळचा कोपरा आला. इथूनच गाडी हंबरायला लागायची. आता वळतानाही काही ऐकू आलं नाही, फक्त काठी दाराला आपटली तेवढीच.

रस्ता रिकामा होता. त्याने गाडी थांबवली आणि हॉर्न दाबला. चांगला लांबलचक.

वडील दचकले. "कोण रे आडवं आलं?"

"कोणी नाही." त्याचा हात अजून हॉर्नवरच होता. "बाबा, हा घरात बसून ऐकू येईल का तुम्हाला?"

वडिलांनी क्षणभर विचार केला.

"येईल की," ते म्हणाले. "खिडकी उघडी ठेवत जाईन मी."