पाजत राहा

त्या पोस्टकार्डाला मी उत्तर दिलं नाही, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हा एका साप्ताहिकात मी वाचकांच्या आरोग्याच्या शंकांना उत्तरं देत असे. कोंडिवऱ्याच्या एका आईनं विचारलं होतं, "तान्ह्याला जंत झालेत. सासूबाई म्हणतात, माझ्या दुधातून गेले. पाजायचं बंद करू का? बाकी विहिरीच्या पाण्यात उगाळलेली गुटी तेवढी देतो."

'पाजत राहा' एवढंच लिहायचं होतं. पण एकदा पुस्तकात पाहून घेऊ म्हणून मी कार्ड पुस्तकात ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

परवा दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेनं बाळाला पदराखाली घेताच सासू खेकसली, "सोड त्याला! आमच्या घरात अंगावरचं पाजत नाहीत. माझ्या दुधातल्या जंतांनीच माझा पहिला गेला."

"कुणी सांगितलं, आत्याबाई?"

"आपल्या कोंडिवऱ्याहूनच पेपरातल्या डॉक्टरला कार्ड टाकलं होतं. चुकीचं असतं तर त्यानं कळवलं नसतं?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझा नंबर पुकारला तसा उठून आत गेलो.

घरी येऊन जुन्या कार्डावरचा पत्ता उतरवला आणि लिहिलं, "बाई, तुमच्या दुधाचा दोष नव्हता. जंत गुटीच्या पाण्यातून गेले असणार. पाणी उकळा आणि सुनेला पाजत राहू द्या. उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं."

सही करताना वाटलं, एकदा पुस्तकात पाहून घ्यावं. मी पुस्तक मिटून ठेवलं, चौकातल्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि कार्ड आत टाकलं.