पट्टी विरघळेपर्यंत
मुख्याध्यापकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दोन परीक्षानळ्या स्टँडमध्ये उभ्या केल्या. मॅग्नेशियमच्या दोन सारख्या पट्ट्याही त्यांनी स्वतःच कापल्या.

"मॅडम, तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण मावशी पडल्या तुमच्या आई."

मावशींच्या रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मुलीने मान डोलावली. आई, म्हणजे साऱ्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मावशी, दाराशी हात बांधून उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

या वर्षी मुलांचे प्रयोग रेंगाळत होते. पुस्तकात दिलेल्या वेळेत पट्टी विरघळत नव्हती. मावशी ॲसिड बाहेर विकतात आणि बाटली पाण्याने भरतात, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत सुरू झाली. गेल्या वर्षी याच ॲसिडने एका विद्यार्थिनीची बोटं भाजली, तेव्हा तिचा हात नळाखाली धरून तिच्याहून जास्त रडलेल्या मावशी कुणाला आठवल्या नाहीत. आज आळ खरा ठरला, तर निरोपाऐवजी चौकशी होती.

परीक्षा सोपी होती. पाणी घातलं की ॲसिड विरळ होतं, धातूला कमी भिडतं आणि पट्टी सावकाश विरघळते. एका नळीत मावशींच्या ताब्यातल्या बाटलीतलं ॲसिड, दुसरीत नव्या बाटलीतलं. नवी बाटली मुलीने कोठारातून आणली. झाकण फारच घट्ट बसलंय, असं म्हणत तिने ते फडक्याने धरून फिरवलं.

मुख्याध्यापकांनी ॲसिड मोजून ओतलं आणि पट्ट्या एकदम सोडल्या. बुडबुडे उठले. मावशी नळ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या मुलीकडे बघत होत्या.

पट्ट्या बारीक होत गेल्या आणि दोन्ही एकदमच दिसेनाशा झाल्या.

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. आपल्याच पोरांना घड्याळ बघता येत नाही, असं म्हणत त्यांनी मावशींची हात जोडून माफी मागितली. निरोपाचं भाषण आपणच करणार, आणि ते लांबणार, अशी धमकीही दिली. मावशी इतक्या दिवसांनी हसल्या.

ते गेल्यावर त्या स्टुलावर टेकल्या. मुलगी नळ्या विसळू लागली.

"नव्या बाटलीत किती पाणी घातलंस गं?" आईने विचारलं.

"तू जुनीत घालतेस तेवढंच."