आतला टायर

लोखंडी टॉमीचा ठोका टायरवर पडला की उस्ताद मान वर करून जावयाकडे बघत. जावई होकारार्थी मान हलवी. मग उस्ताद पुढच्या चाकाकडे सरकत.

ट्रक भरून उभा होता. ताडपत्री आवळून झाली होती. केबिन नवी, तिच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. जुनी केबिन उन्हाळ्यात एका उतारावर चेंदामेंदा झाली होती. मागचा टायर फुटला, गाडी उलटली आणि चालवत होता तो उस्तादांचा मुलगा जागीच गेला. शेजारच्या सीटवर डुलकी काढणाऱ्या उस्तादांना नुसतं खरचटलं. मुलाच्या जागी आता जावई आला होता. त्याची सगळी उमर टेम्पो हाकण्यात गेलेली. एवढी मोठी गाडी तो आज पहिल्यांदाच नेणार होता.

उस्तादांच्या कानाचा अख्ख्या गाडीतळावर दबदबा होता. हवेचा मीटर त्यांनी जन्मात हातात धरला नाही. टायर काढायची लोखंडी टॉमी घ्यायची, टायर ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि हवा किती ते सांगून मोकळं व्हायचं. दुसरे ड्रायव्हरही आपल्या गाड्या त्यांच्याकडून ठोकून घेत आणि निर्धास्त निघत. मुलगा गेला तेव्हासुद्धा त्यांच्या कानावर कोणी बोट ठेवलं नाही. रस्ताच वाईट, असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. माणसांना असा एखादा उस्ताद लागतोच, म्हणजे स्वतः वाकून बघावं लागत नाही.

जावयाच्या बायकोने मात्र निघताना त्याच्या खिशात हवा मोजायचा मीटर कोंबला होता.

"बाबांना दिसू देऊ नका," ती म्हणाली होती. "त्यांच्या कानावर शंका घेतली तर घासही गिळायचे नाहीत. पण एकेक टायर बघा. दादाचं झालं तसं तुमचं व्हायला नको."

उस्ताद मागच्या जोडचाकापाशी आले. बाहेरचा टायर ठोकला, टॉमी टणकन उसळली. असा टायर हातालाच कळतो. मग त्यांनी फटीतून टॉमीचं टोक आत घालून आतल्या टायरला मारलं. तिथे हाताला काही कळत नाही, सगळी भिस्त कानावर. उस्तादांनी जावयाकडे बघितलं. सासरे आपल्याला शिकवताहेत, हे जावयाने केव्हाच मनाशी धरलं होतं. त्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली. उस्ताद पुढे गेले.

त्यांची पाठ वळल्यावर जावई वाकला. आत हात घालून त्याने व्हॉल्व्हला मीटर लावला. काटा जेमतेम हलला. मीटरच बिघडला असेल म्हणून त्याने तो बाहेरच्या टायरला लावून बघितला. काटा झपकन वर चढला. पुन्हा आतल्याला लावला, काटा तळालाच. आतला टायर नुसता नावाला होता. सगळं ओझं एकटा बाहेरचा वाहत होता, आणि उतारावर तापला की तो फुटणार होता.

"मामा," त्याने तिथूनच हाक मारली. "हा बसलाय."

उस्ताद पाठमोरे पुढचं चाक ठोकत होते.

"मामा, थांबा." या वेळी तो चांगला मोठ्याने ओरडला. पलीकडच्या गाडीवरचा हमाल वळून बघू लागला. उस्ताद वळले नाहीत. ठोका मारून त्यांनी सवयीने शेजारी बघितलं. तिथे कोणी नव्हतं. मग टॉमी जमिनीला टेकवून ते वाट बघत उभे राहिले.

जावई उठून पुढे आला. तो त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

उस्ताद त्याच्या ओठांकडे बघत होते.

"समोरून बोललेलं कळतं," ते म्हणाले. "टायरचं नाही कळत. बरीच वर्षं झाली."

"मग ठोकता कशाला?"

"ऐकणारा शेजारी असतो ना, जावईबापू. वाईट आवाज आला की माणसाच्या कपाळाला आठी पडते. तेवढं मला दिसतं. तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी पुढे गेलो."

"मी टेम्पोवाला माणूस. मला काय कळतंय त्या आवाजातलं? तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे ठीकच असणार. म्हणून हलवली."

"कळत नव्हतं तर हलवायची कशाला?" उस्ताद तापले.

"तुम्ही ठोकल्यावर नाही कोण म्हणणार, मामा? आहे का तळावर कोणी?"

उस्ताद केबिनच्या पायरीवर बसले. जावयाला त्यांचा राग आला होता आणि कीवही. आता हे विनवण्या करणार, ट्रकच्या मालकाला सांगू नका म्हणणार, असं त्याला वाटलं. काही झालं तरी ऐकायचं नाही, असं त्याने ठरवूनही टाकलं.

पण उस्ताद त्याच्याकडे बघतच नव्हते.

"तोही अशीच मान हलवायचा," ते म्हणाले. "ठोका पडतो न पडतो तोच. मला वाटायचं, कानाच्या बाबतीत पोरगं माझ्यावर गेलंय."