ठराव मंजूर होईपर्यंत

डेन्व्हरमध्ये एल्डर स्ट्रीटवरच्या बारा नंबरच्या भाड्याच्या घरात आम्ही चौघं राहतो आणि ब्लॉकचेनवर मतदान झाल्याशिवाय कोणताही निर्णय घेत नाही. त्यामुळे रविवारी दुपारी ओव्हनमधल्या पिझ्झाने पेट घेतला, तेव्हा वेंडेलने 'फायर ब्रिगेडला फोन करावा' असा रीतसर ठराव टाकला. चौघांनी खोकत खोकत मतं दिली. निकाल बघायला मी ब्लॉकचेनवरची नोंद दाखवणाऱ्या एपीआय टूलमध्ये मतदानाच्या व्यवहाराचा नंबर टाकला. उत्तर आलं, पेंडिंग.

"परत बघ," इन्ग्रिड म्हणाली. तोवर पडदा पेटला होता.

"अजून पेंडिंगच."

"वेंडेल, तू मतदान नोंदवायची फी कमी भरलीस ना?" इन्ग्रिड ओरडली. " म्हणून अडकलंय. घर जळतंय आणि हा कंजूस सेंट वाचवतोय."

शेवटी शेजारच्या बाईंनीच फोन केला असावा. दार तोडून फायर ब्रिगेडच्या कॅप्टन ब्रुनेल आणि त्यांची माणसं आत घुसली. दोन मिनिटांत आग विझली, सोबत आमचा सोफाही भिजला. त्याच सोफ्यावर बसून मी पुन्हा नंबर टाकला.

"मंजूर," मी म्हणालो. "चार विरुद्ध शून्य."

वेंडेलने लगेच फायर ब्रिगेडला फोन लावला.

"अरे बाबांनो, मी इथेच उभी आहे," कॅप्टन म्हणाल्या.

"ते दिसतंय मॅडम, पण ठराव झालाय."

कॅप्टनच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. एल्डर स्ट्रीट, बारा नंबर, स्वयंपाकघरात आग, ताबडतोब निघा.

त्यांनी शांतपणे बटण दाबलं. "पोचलो," त्या म्हणाल्या. "विझवली पण."