मिठीपुरती सवड

तोफा भरून झाल्या होत्या, पण मिठ्या संपल्या नव्हत्या.

लढाईआधी दोन्ही फौजांतल्या सग्यासोयऱ्यांना भेटायची मुभा मिळाली होती. मेल्चोर वर डोंगरउतारावरच्या, स्पेनच्या राजाच्या फौजेतला. खाली पठारावर पेरूचे स्वातंत्र्यवाले. त्यांच्यात त्याचा धाकटा भाऊ सातुर्नीनो. दोघांनाही मक्याच्या शेतातून दोराने बांधूनच भरती केलं होतं. दोर तेवढे वेगळे.

सातुर्नीनोने मिठी मारली आणि नाक मुरडलं.

"दादा, तुमचा राजा अंघोळीला पाणी देत नाही का रे?"

"तुमचं स्वातंत्र्य जोडे तरी देतंय का?"

मेल्चोरने भूक मारणारी कोकाची पानं पुढे केली. दोघांनी गालात धरली. मग सातुर्नीनो हळूच म्हणाला, "खाली ये दादा. आमच्यात."

"तूच वर चल. तोफा सुटल्या की तुमच्यातलं कोण उरतंय?"

"राजासाठी नाही लढणार मी."

"मग मर. मी काही खाली यायचा नाही."

"आणि मी वर."

गावातलाच एक जण शेजारी उभा होता. तो हसला. "हुआमानी घराणं ना हे. तोंडाने 'हो' म्हणतील तर शपथ. बाप दिवसभर ओझ्याचा लामा विकणार नाही म्हणायचा, दुसऱ्या दिवशी दावं रिकामं."

सातुर्नीनोने पानांचा चोथा थुंकला.

"आई काय म्हणाली होती?" सातुर्नीनोने विचारलं.

"एकमेकांवर हात उचललात तर उंबरा चढू नका."

बिगुल वाजलं. दोघे पाठ फिरवून चालू लागले.

वर हुकूम सुटला होता: खाली धावायचं, समोर येईल त्याला संगीन.

समोर येईल त्याला.

मेल्चोर चपलेचा बंद बांधायला म्हणून वाकला. रांग मोर्चावर उभी राहायला पुढे गेली. तो ओघळीत घसरला, राजाचा डगला दगडाखाली कोंबला आणि हात वर करून पठारावर निघाला.

तिथल्या सार्जंटने मानगूट धरली, बोली ऐकली, सोडली. हातात संगीन लावलेली बंदूक दिली. पहिल्या रांगेत उभं केलं.

समोरचा उतार हलायला लागला. राजाची माणसं खाली येत होती. मेल्चोरला भीती वाटली नाही. आईचा शब्द पाळला गेला होता.

"सातुर्नीनो हुआमानी कुठे उभा आहे? भाऊ मी त्याचा."

सार्जंटने त्याच्याकडे पाहिलं, मग उताराकडे हनुवटी केली.

"तो मघाशीच वर पळाला, पलीकडच्या ओघळीतून. दादावर संगीन धरवणार नाही म्हणाला."