घसरेल तिकडे

"चटया कुठायत?" दारातच सुनेने विचारलं.

नवरा फरशीवर पालथा पडला होता, हातात खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. सासूबाईंच्या खुर्चीपासून बाथरूमपर्यंत तिने अंथरलेल्या रबरी चटया गुंडाळून भिंतीकडेला टाकल्या होत्या. फरशी पुसून लख्ख केली होती. एरवी याला साधं ताट उचलायला सांगावं लागतं.

"ड्रिफ्टिंगला गुळगुळीत लागतं," तो म्हणाला. "वळताना गाडी घसरली पाहिजे."

"या घरात एकजण घसरलंय, तेवढं पुरे नाही झालं?"

सासूबाईंचं मोडलेलं हाड कधीच जुळलं होतं. चाला, असं डॉक्टर सांगून थकले. पण दोन्ही बाजूंनी दोघांनी धरल्याशिवाय त्या खुर्ची सोडत नव्हत्या. सुनेने हात जोडून पाहिले, अबोला धरून पाहिला, एकदा तर चिडून रडलीही.

ड्रिफ्टसाठीची खास रिमोटची गाडी परवडत नव्हती. म्हणून नवऱ्याने भाच्याची जुनी गाडी आणली आणि टायरांवर प्लास्टिकच्या पाइपाची कडी कापून चढवली. पाइप कुठला, ते सिंकखालची बादली पाहून तिला कळलं.

"मागची बाजू घसरेल तिकडेच चाक वळवायचं," तो व्हिडिओतलं वाक्य घोकत होता आणि नेमकं उलट वळवत होता. गाडी गर्रकन फिरून कपाटावर आपटली. पुन्हा आपटली.

"अरे, घसरेल तिकडे," सासूबाई म्हणाल्या.

"तेच करतोय, आई."

"डोंबल करतोयस. सकाळपासून ऐकून मला पाठ झालं."

"आधी चटया टाक," सून म्हणाली.

"एकदाच." गाडी पुन्हा कपाटावर.

"दे इकडे तो!" सासूबाई उठल्या, खोली ओलांडून आल्या आणि मुलाच्या हातातून रिमोट ओढून घेतला. तो काही बोलणार, तेवढ्यात सुनेने त्याच्या पायावर पाय दिला.

गाडी सुटली, मागून घसरली. सासूबाईंनी तिकडेच चाक वळवलं. टेबलाच्या पायाला झोकात वळसा घालून गाडी थांबली.

"असं," त्या म्हणाल्या आणि परत जायला वळल्या. मग त्यांना मोकळी फरशी दिसली. पलीकडे रिकामी खुर्चीही दिसली.

"चटया टाक गं," त्या हळूच म्हणाल्या.

सुनेला रडू येत होतं. ती भिंतीकडे गेली आणि गुंडाळलेल्या चटयांवर बसून राहिली.

"नाही टाकणार," ती म्हणाली.